मरीच्या माथी मारलेली गावं

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून हिंडताना एक दृश्य पुन्हा पुन्हा समोर येतं. चहूकडे हिरवं रान, त्यात चरणारी मेंढरं आणि मधोमध एकटंच उभं असलेलं जुनं दगडी चर्च. जवळपास घर नाही, दुकान नाही, धड रस्ताही नाही. इथं प्रार्थनेला येत तरी कोण असेल, असा प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तरही तयार असतं. इथं पूर्वी गाव होतं, ब्लॅक डेथमध्ये सगळं गाव मेलं आणि चर्च तेवढं मागे राहिलं! ही गोष्ट आजोबा नातवाला सांगतात, वाटाडे पाहुण्यांना सांगतात. चर्चजवळच्या गवतात उंचवटे दिसले की ‘प्लेगची मढी इथंच पुरली’ असंही कुणीतरी जोडून देतं.

ही समजूत चुकीची आहे, असं मी म्हणतो. एखाद्या ठिकाणी ती खरी असेलही, पण नियम म्हणून ती टिकत नाही. ती खोडून काढणं का गरजेचं आहे, ते शेवटी सांगतो. आधी पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही.

१३४८ च्या उन्हाळ्यात ब्लॅक डेथ, म्हणजे प्लेगची साथ, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरली आणि पुढच्या वर्षी उत्तरेकडच्या यॉर्कशरपर्यंत पोचली. दीड-दोन वर्षांत देशातली किमान एक तृतीयांश, काही अभ्यासकांच्या मते जवळपास निम्मी माणसं गेली. १३६१, १३६९ आणि १३७५ मध्ये साथ परत आली. दुसरीकडे, इंग्लंडमध्ये मध्ययुगातली उजाड झालेली गावं मोजली तर ती तीन हजारांच्या आसपास भरतात. एका बाजूला एवढं मोठं मरण, दुसऱ्या बाजूला एवढी ओसाड गावं. दोहोंची सांगड कुणीही घालील. शिवाय प्लेगने खरोखर पुसलेली गावंही दाखवता येतात. ऑक्सफर्डशरमधल्या टिलगार्स्ली गावाचा कर वसूल करता येत नाही, कारण १३५० पासून तिथं कुणी राहतच नाही, असं कर वसूल करणाऱ्यांनी १३५९ मध्ये कळवलं होतं. त्याच परगण्यातल्या टस्मोरची सगळी कुळं मेली, म्हणून तिथल्या मालकाला १३५७ मध्ये गावाची जमीन कुंपणात घेण्याची परवानगी मिळाली. ही उदाहरणं मला मान्य आहेत. पण अभ्यासक पुन्हा पुन्हा याच दोन-चार नावांकडे वळतात. तीन हजार गावांचा नियम मूठभर गावांवर उभा राहतो का, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडच्या तर्कशास्त्रात यासाठी जुनी कसोटी आहे: अन्वय आणि व्यतिरेक. कारण असेल तिथं कार्य दिसलं पाहिजे आणि कारण नसेल तिथं कार्य दिसता कामा नये. दोन्हीकडे व्यभिचार, म्हणजे अपवाद, निघाला तर कार्यकारणाचा दावा पडतो आणि उरतो तो काकतालीय न्याय, म्हणजे निव्वळ योगायोग. ही कसोटी मी एका गावाला आणि त्याच्या चर्चला लावून पाहतो.

गावाचं नाव वॉरम पर्सी. यॉर्कशरच्या खडूच्या टेकड्यांमध्ये, माल्टन गावापासून काही मैलांवर, एका दरीच्या काठावर ते होतं. दरीच्या उतारावर सेंट मार्टिनचं चर्च अजून उभं आहे. छप्पर गेलं आहे आणि मनोरा उभा चिरल्यासारखा अर्धाच उरला आहे. वरच्या पठारावर गवताखाली घरांचे चौथरे, परसांच्या हद्दी आणि खोल गेलेल्या वाटा अजून ओळखू येतात. सूर्य कलला की सावल्यांमुळे सगळं गाव नकाशासारखं उमटतं. ‘प्लेगने मेलेलं गाव’ म्हणून दाखवायला याहून चांगली जागा सापडणार नाही.

लीड्स विद्यापीठातले आर्थिक इतिहासाचे अभ्यासक मॉरिस बेरेसफर्ड १९४८ मध्ये इथं पोचले आणि १९५० मध्ये त्यांनी खणायला सुरुवात केली. ते मुळात दप्तरं वाचणारे. लवकरच त्यांना जॉन हर्स्ट हे मध्ययुगीन मातीची भांडी ओळखण्यात तरबेज असलेले पुरातत्त्वज्ञ येऊन मिळाले. दोघांनी मिळून १९९० पर्यंत, म्हणजे चाळीस उन्हाळे, या एकाच गावाचा छडा लावला. कागद आणि माती यांची साक्ष इतकी वर्षं शेजारी ठेवून तपासली गेलेली खेडी जगात थोडी असतील. म्हणून कसोटीला मी हेच गाव घेतलं.

कागद आधी पाहू. त्या काळी इंग्लंडमध्ये जहागीरदार वारला की त्याच्या मिळकतीची सरकारी चौकशी होई आणि जमीन, घरं, गिरण्या, उत्पन्न यांची नोंद होई. वॉरमच्या १३२३ च्या चौकशीत चित्र वाईट आहे. बरीच जमीन पडीक आहे आणि गिरण्या मोडकळीला आल्या आहेत. प्लेगला अजून पाव शतक अवकाश आहे, हे लक्षात घ्या. १३१५ ते १३१७ चा मोठा दुष्काळ आणि स्कॉटिश फौजांच्या धाडी यांनी यॉर्कशर तेव्हा आधीच पिचलं होतं. मग १३४९ मध्ये प्लेग येतो. त्या वर्षी गावचा जहागीरदार वॉल्टर हेसलर्टनही मरण पावतो. समजुतीप्रमाणे इथं गाव संपायला हवं. पण १३६८ ची नोंद काढली तर गावात सुमारे तीस घरं वसलेली आहेत. पहिली साथ येऊन गेली, दुसरीही येऊन गेली आणि तीस चुली पेटत आहेत. १४५८ मध्ये घरं सोळा उरतात. म्हणजे गाव झिजतंय, पण जिवंत आहे, आणि पहिल्या साथीला तोवर शंभरावर वर्षं झाली आहेत.

शेवटची नोंद मला सगळ्यांत बोलकी वाटते. गावंच्या गावं उठवली जात असल्याच्या तक्रारी वाढल्या, म्हणून कार्डिनल वुल्सी यांनी १५१७ मध्ये चौकशी नेमली. त्या चौकशीत वॉरमबद्दल सांगण्यात आलं की बॅरन हिल्टन यांनी चार नांगर बंद पाडले आणि चार घरं पडू दिली. चार नांगर म्हणजे चार कुटुंबांची शेती. चार घरं म्हणजे गावात उरलेली बहुधा शेवटचीच वस्ती. १५०० च्या आसपास वॉरम रिकामं झालं ते असं. तिथं मेंढरं आली आणि मेंढरांना माणसं फार लागत नाहीत.

आता चर्चची साक्ष. १९६२ ते १९७४ या काळात चर्चचा आतला-बाहेरचा भाग खणून काढला गेला आणि एकाच जागेवर बांधकामाचे थरावर थर सापडले. खाली खांबांच्या खड्ड्यांवरून ओळखलेलं बहुधा एक लाकडी चर्च. त्यावर लहानसं दगडी चर्च. मग बाराव्या शतकात त्याहून मोठं. त्यानंतर दक्षिणेला आणि उत्तरेला, आपल्या घरांना पडवी जोडतात तशी, मुख्य दालनाला लागून बाजूची दालनं जोडली गेली. त्यासाठी मूळच्या भिंती फोडून तिथं खांब आणि कमानींच्या रांगा उभ्या केल्या. माणसं वाढत होती, पैसा येत होता, चर्च रुंदावत होतं.

आज तुम्ही या चर्चच्या लांब भिंतीसमोर उभे राहिलात तर थोडा वेळ काढून पाहा. दगडी भिंतीतच कमानींच्या कडा दिसतील आणि कमानींखालचे खांब अर्धवट भिंतीत बुजलेले दिसतील. कमानींच्या पोकळीत दगड रचून त्या बंद केल्या आहेत आणि त्या भरावात खिडक्या बसवल्या आहेत. बाजूचं दालन पाडलं, तेव्हा त्याच्या बाहेरच्या भिंतीतल्या खिडक्या काढून आत आणून बसवल्या, असं हे काम आहे. चर्चने अंगावरचं पांघरूण काढून घेतलं, पण चांगले दगड टाकून दिले नाहीत. पुढे सतराव्या शतकात वेदीकडचा भागही आखूड केला गेला. या आक्रसण्याचा काळ पाहा. ते चौदाव्या शतकातल्या साथीच्या पाठोपाठ आलेलं नाही. वस्ती विरळ होऊन गाव उठलं त्या काळात आणि त्यानंतर आलं आहे. भिंतीची साक्ष आणि दप्तराची साक्ष इथं एकमेकींना मिळतात.

आणखी एक गोष्ट या समजुतीत कधीच येत नाही. गाव १५०० च्या सुमारास गेलं, पण चर्चमध्ये शेवटची प्रार्थना झाली १९४९ मध्ये! मधली साडेचारशे वर्षं तिथं कोण येत होतं? याचं उत्तर ‘पॅरिश’ या शब्दात आहे. इंग्लंडमधलं जुनं चर्च एका गावाचं नसे. आसपासच्या वाड्या-वस्त्या मिळून त्याची हद्द ठरे. त्या हद्दीतल्या सगळ्यांनी आपल्या उत्पन्नाचा दशांश त्या चर्चला द्यायचा, बाप्तिस्मा तिथं, लग्न तिथं आणि माती तिथंच. वॉरमच्या हद्दीत थिक्सेनडेल, टाउथॉर्प, रेस्थॉर्प आणि बर्डेल या वस्त्या होत्या. वॉरमचं गाव उठलं तरी थिक्सेनडेलची माणसं टेकड्या ओलांडून याच चर्चला येत राहिली आणि आपली माणसं याच आवारात पुरत राहिली. थिक्सेनडेलला स्वतःचं चर्च मिळालं १८७० मध्ये. तेव्हा वॉरमच्या चर्चची खरी माणसं तुटली. मनोऱ्याचा पश्चिमेकडचा भाग कोसळला १९५९ मध्ये. म्हणजे गाव ओसाड होण्याची तारीख वेगळी, चर्च ओसाड होण्याची तारीख वेगळी आणि प्लेगची तारीख दोहोंपासून दूर. तिन्हींची मोट बांधून एक करुण गोष्ट करायची, तर मधली कित्येक शतकं गिळावी लागतात.

या आवारातून सुमारे सातशे सांगाडे शास्त्रीय पद्धतीने काढून अभ्यासले गेले. हाडांवरून कळतं की इथली मुलं आजच्या मुलांपेक्षा फार खुजी राहत आणि आया त्यांना साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत. मोठ्यांची हाडं कष्टांनी झिजलेली आहेत. अपुरं अन्न, आजार आणि राबणं हे या माणसांचं रोजचं जगणं होतं. अशा माणसांच्या वाट्याला प्लेग आला, त्यात कितीतरी गेली आणि उरलेल्यांनी पुन्हा नांगर धरला. हे आपल्याला अनोळखी वाटायला नको. १८९६ नंतर मुंबई-पुण्यापासून खेड्यांपर्यंत प्लेग पसरला, तेव्हा माणसं रानात झोपड्या टाकून राहिली, घरोघरी माणसं गेली, पण साथ ओसरल्यावर गावं पुन्हा भरली. साथ माणसं मारते. पण जमीन आणि ती कसण्याचा हक्क शाबूत असला, तर गाव सहजी मरत नाही.

अन्वयाच्या कसोटीवर ही समजूत अशी पडते. कारण आहे, पण कार्य नाही. याचं आणखी ठसठशीत उदाहरण हर्टफर्डशरमधलं ॲशवेल. तिथल्या सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर, हाताला येईल अशा उंचीवर, कुणीतरी टोकदार हत्याराने लॅटिनमध्ये अक्षरं कोरली आहेत. त्यात १३५० सालचा उल्लेख आहे, मृत्यूच्या थैमानाचं वर्णन आहे, साक्षीला उरलेल्या थोडक्या माणसांचा आक्रोश आहे आणि नंतरच्या एका प्रचंड वादळाची नोंदही आहे. अक्षरं वेडीवाकडी, घाईत कोरल्यासारखी आहेत. ज्या गावाने प्लेगबद्दल दगडावर टाहो फोडला, ते गाव आजही वसलेलं आहे. त्याच चर्चचा मनोरा पुढे उंच चढवला गेला आणि तो मैलामैलांवरून दिसतो. सफोकमधल्या लॅव्हनमचंही पाहा. तिथलं भव्य चर्च प्लेगनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, लोकसंख्या अजून सावरलेली नसताना, कापडाच्या व्यापारातल्या पैशांवर बांधलं गेलं. तेव्हा ‘मोठं चर्च म्हणजे एके काळची मोठी वस्ती’ हे गणितही चालत नाही. चर्चचा आकार माणसांच्या संख्येइतकाच, कधीकधी तर त्याहून जास्त, देणाऱ्यांच्या थैलीवर ठरे.

आता व्यतिरेक. प्लेग कारण नसतानाही चर्च एकटं पडलेलं दिसतं का? सर्रास दिसतं. नॉरफकमध्ये रानात एकटी उभी असलेली चर्चेस खूप आहेत. तिथं पीटर वेड-मार्टिन्स यांनी नांगरलेली शेतं पायी तुडवून खापरं गोळा केली. चर्चभोवती सापडली ती जुन्या सॅक्सन काळातली खापरं. बाराव्या-तेराव्या शतकातली खापरं मात्र दूर, गायरानांच्या कडेला निघाली. म्हणजे माणसं चराऊ रानाच्या काठावर राहायला गेली आणि चर्च जुन्या जागी राहिलं. हे सारं प्लेगच्या कितीतरी आधीचं. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या फॉस्लीचं चर्च एका विस्तीर्ण उपवनात एकटं आहे, कारण पंधराव्या शतकापासून नाइटली घराण्याने तिथं शेतीच्या जागी मेंढरं आणली. आत त्या घराण्याच्या थडग्यांची रांग आहे. नॉरफकच्या हॉटनमध्ये रॉबर्ट वॉलपोल यांनी अठराव्या शतकात महालाभोवतीची मोकळी जागा वाढवायला गाव उठवून फाटकाबाहेर वसवलं. चर्च महालाच्या उपवनात राहिलं आणि वॉलपोल त्यातच पुरले गेले. ऑक्सफर्डजवळच्या नूनम कोर्टनीमध्ये १७६० च्या दशकात लॉर्ड हार्कोर्ट यांनी गाव हलवून हमरस्त्यावर नेलं, जुनं चर्च पाडलं आणि तिथं ग्रीक देवळासारखं नवं चर्च बांधलं, ते त्यांच्या बागेची शोभा म्हणून. दिसायला ही सगळी चर्चेस सारखीच एकाकी आहेत. कारणं मात्र चार तऱ्हेची आहेत आणि त्यांत प्लेग कुठेच नाही.

इथं प्रतिपक्ष एक शेवटचा आणि सर्वांत बळकट मुद्दा काढतो. तो म्हणतो, प्लेग हेच मूळ कारण नाही का? माणसं मेली म्हणून मजूर महागले. मजुरी गोठवायला १३५१ चा कायदा करावा लागला, तरीही ती वाढतच गेली. खाणारी तोंडं कमी झाल्यामुळे धान्याचे भाव उतरले. लोकर मात्र खपत राहिली. मग मालकांनी नांगर सोडून मेंढरं धरली, यात नवल काय?

हा मुद्दा मी नाकारत नाही. पण त्यातला एक सांधा निसटतो. प्लेगने परिस्थिती बदलली. बदललेल्या परिस्थितीत काय करायचं, ते माणसांनी ठरवलं. तीच साथ, तेच भाव आणि तीच मजुरी शेजारच्या गावांनाही होती, तरी शेजारचं गाव राहिलं आणि वॉरम गेलं. जे कारण सगळ्यांना समान आहे, त्यातून एकाचंच वेगळेपण सिद्ध होत नाही. त्यासाठी त्या गावाचं काही खास दाखवावं लागतं: हलकी जमीन, आधीच विरळ झालेली वस्ती, कुळांचा कच्चा हक्क आणि सगळी जमीन एका हातात असलेला मालक. प्लेग फार तर दूरचं निमित्त ठरतो, निकटचं कारण नाही. आपल्या परंपरेने हा भेद फार पूर्वीपासून जपला आहे आणि इतिहासात तो विसरून चालत नाही.

तसंच दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. बेरेसफर्ड यांच्या ‘द लॉस्ट व्हिलेजेस ऑफ इंग्लंड’ या १९५४ च्या ग्रंथाने लोभी मालक आणि त्यांची मेंढरं हे कारण ठळकपणे पुढे आणलं. नंतर क्रिस्टोफर डायर यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की बरीच गावं मालकाने उठवायच्या आधीच झिजली होती. कुळं स्वतःहून चांगल्या जमिनीच्या, सैल अटींच्या गावी निघून जात होती, कारण प्लेगनंतर मालकालाच कुळांची गरज होती. वॉरमची तीस घरं सोळा झाली, त्यात असं निघून जाणंही असणार. हे मला पटतं. म्हणून माझं म्हणणं असं: ही गावं एका फटक्यात मेली नाहीत. सव्वाशे-दीडशे वर्षं ती झिजत गेली. त्यात दुष्काळ होता, साथ होती, माणसांचं स्वतःचं स्थलांतर होतं, आणि शेवटी जिथं दहा-पाच घरं उरली तिथं मालकाचा निर्णय होता. ज्या पायरीवर गाव खरोखर नाहीसं झालं, ती पायरी बहुतेक ठिकाणी ही शेवटची आहे.

त्या काळच्या माणसांनाही हे दिसत होतं. वॉरिकशरमधले पाद्री जॉन राउस यांनी पंधराव्या शतकातच आपल्या भागातल्या ओसाड झालेल्या पन्नासहून अधिक वस्त्यांची यादी केली आणि दोष दिला तो धनलोभी मालकांना. घरं पाडण्याविरुद्ध १४८९ मध्ये संसदेने कायदा केला. १५१६ मध्ये थॉमस मोर यांनी ‘युटोपिया’त इंग्लंडच्या मेंढरांना माणसं खाणारी म्हटलं. प्लेगच्या साथी तेव्हाही येत होत्या. त्या काय करतात हे या माणसांना आपल्याहून चांगलं ठाऊक होतं. तरीही गावं का जातात या प्रश्नावर त्यांनी बोट ठेवलं ते मेंढरांसाठी जमिनीला घातलेल्या कुंपणांवर.

मग ही समजूत इतकी रुजली कशी? मला वाटतं, ती सोयीची आहे म्हणून. साथीला चेहरा नसतो. ती कुणाची कूळकायद्याची जमीन घेत नाही, कुणाच्या दारात नोटीस लावत नाही. गाव प्लेगने मेलं म्हटलं की कुणालाच जाब विचारायचा उरत नाही. आपल्या महसुली दप्तरात अशा गावांसाठी ‘बेचिराख’ असा शब्द आहे, म्हणजे जिथं आता दिवा लागत नाही असं गाव. हद्द राहते, नाव राहतं, शेतसाराही चालू राहतो, फक्त माणूस राहत नाही. तो शब्द दिवा विझला एवढंच सांगतो. तो कसा विझला, वाऱ्याने की कुणी फुंकर मारून, हे शोधणं इतिहासाचं काम आहे.

म्हणून वॉरमच्या त्या भिंतीपाशी परत येतो. बुजवलेल्या कमानी कुणा एका वर्षाच्या शोकाची खूण नाहीत. तीन-चार पिढ्यांत माणसं कशी कमी होत गेली, त्याचा तो दगडी हिशोब आहे. आणि त्या हिशोबाची शेवटची ओळ कागदावर आहे: १५१७ ची चौकशी, चार नांगर, चार घरं, एका मालकाचं नाव. कुणीतरी चौकशीपुढे उभं राहून हे सांगितलं, कुणीतरी ते लिहून घेतलं. त्या गवतात उभं राहून आपण ‘प्लेगने गाव मेलं’ म्हणतो, तेव्हा पाचशे वर्षांपूर्वी दिलेली ती साक्ष पुसून टाकतो. ज्यांची घरं गेली, त्यांच्याजवळ त्या साक्षीपलीकडे काही उरलं नाही.